निवळायला ठेवलेली बादली

माझी मावशी इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. तळघरातली लांबट खोली, वाफेने फुगलेला छताचा रंग, ओळीने उभी यंत्रं आणि त्यांच्या पायाशी जमिनीतून गेलेली एक उघडी नाली. त्या नालीतून दिवसभर पाणी वाहायचं. सकाळी राखाडी, दुपारी दुधाळ आणि शेवटी नितळ. नाली नितळ झाली की पाळी संपली, असं मावशी सांगायची. मळकं पाणी खोलीत थांबू द्यायचं नाही, हा तिथला पहिला नियम. तो तिच्या अंगात इतका भिनला होता की आमच्याकडे आली आणि सिंकमध्ये भिजत घातलेलं पातेलं दिसलं, की ती आधी ते ओतून टाकायची आणि मग चप्पल काढायची.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, रस्ते बांधणाऱ्या खात्यात होते, पण रस्ता त्यांनी कधी बांधला नाही. त्यांचं काम त्याच्या आधीचं. टोळी यायच्या आधी ओसाड, कोरड्या मुलखात पोहोचायचं, जागा हेरायची, तंबू ठोकायचे, पाण्याची सोय लावायची, आणि टोळी आली की ते पाणी पुरवून पुरवून वापरायला लावायचं. त्यात ते इतके चिकट होते की टोळीने त्यांचं नाव ‘थेंबे’ पाडलं होतं. पुढे नव्या लोकांना ते आडनावच वाटायला लागलं. निरोपाच्या कार्यक्रमात एका साहेबांनी ‘श्री. थेंबे यांनी दोन शब्द बोलावेत’ असं माइकवरून जाहीर केलं. काका उठले आणि खरोखरच दोन शब्द बोलून बसले म्हणे. “नळ बंद.”

लग्नानंतर ते वर्षातून दोन-तीनदा घरी यायचे, भेटवस्तू आणायचे, छत्र्या दुरुस्त करायचे आणि जायचे. मावशीने मुलगा वाढवला, तो नोकरीसाठी लांब गेला, आणि मग एक दिवस काका पत्र्याची पेटी घेऊन कायमचे घरी आले.

“तीस वर्षं हा माणूस सुट्टीवर घरी आला,” मावशी माझ्या आईला सांगायची. “आता सुट्टी संपतच नाहीये गं.”

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत मी पुष्कळदा जायचे. मावशी भांडी घासत असली की काका मागून येऊन नळ बारीक करायचे. ती पुन्हा मोठा करायची. ते भाजी धुतलेलं पाणी गॅलरीतल्या कुंड्यांसाठी भांड्यात धरून ठेवायचे, आणि कुंड्यांपर्यंत जाईपर्यंत ते मोरीत गेलेलं असायचं. मोठं भांडण कधी व्हायचं नाही. दोघं एकमेकांशी पाहुण्याशी वागावं तसं जपून वागायची, आणि पाहुणा फार दिवस राहिला की घराचं जे होतं ते त्या घराचं झालं होतं. गुडघे धरून काका खिडकीशी बसायचे. समोरच्या इमारतीच्या टाकीतून पाणी भरून वाहायला लागलं की उठून आत जायचे.

मावशीही निवृत्त झाली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत काकांच्या जुन्या साहेबांचा फोन आला. दूरच्या कोरड्या मुलखातून जाणाऱ्या रस्त्यावर लॉरीवाल्यांसाठी एक थांबा होता. दोन खोल्या, एक मोठी टाकी, पाठ टेकायला काही तंबू. आठवड्यातून एकदा पाण्याचा टँकर. तिथे राखणदार हवा होता, पण जोडपंच हवं होतं. आधीचा राखणदार एकटा होता. तो तापाने पडला ते कुणाला कळलंच नव्हतं. काकांनी हे जेवताना, ताटाकडे बघत सांगितलं. मी तिथेच होते.

“तुम्हाला जायचंय?” मावशीने विचारलं.

“मी कुठे तसं म्हणालो?”

“मग सांगता कशाला?”

“त्यांनी विचारलं, म्हणून सांगितलं.”

“तुम्हाला जायचंय,” मावशी म्हणाली. आता तो प्रश्न नव्हता.

बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदाच काकांनी पुन्हा भात मागून घेतला. मावशीने तो वाढला आणि म्हणाली, “आधी चार दिवस तसल्या जागी राहून बघते. टँकर नाही, नळ नाही, काही नाही. चप्पलसुद्धा पायात घालून बघितल्याशिवाय घेत नाही मी.”

“तिथे चप्पल चालत नाही. बूट लागतात.”

“बघ,” ती माझ्याकडे वळून म्हणाली, “झालं सुरू.”

काकांच्या गुडघ्याला क्लच झेपत नव्हता आणि मावशीला गाडी चालवता येत नव्हती, म्हणून मला बरोबर घेतलं. “शिवाय,” मावशी म्हणाली, “आम्ही दोघंच गेलो तर परत येताना एकच असेल.”

शेजाऱ्यांची पिकअप घेऊन आम्ही निघालो. गावं विरळ होत गेली, मग झाडं, मग कुंपणं. डांबर संपल्यावर काका पुढे झुकून बसले. इतके दिवस घरात जो माणूस एका जागी मुटकुळं करून बसायचा, तो आता खिडकीतून हात काढून मला वाट दाखवत होता. “डावीकडे घे. दगड चुकव. हां, आता सरळ.” मावशी मधे बसली होती, मांडीवर उशी घट्ट धरून. उशी तिने घरूनच आणली होती.

मुक्कामाची जागा एका कोरड्या नदीच्या काठावर होती. पात्रातली वाळू सपाट, मऊ. मला वाटलं तिथेच तंबू लावायचा. काका हसले. “वर कुठे पाऊस झाला तर इथे सांगायला कोण येणार? नदी सुकलेली असली तरी नदीच असते.” मग काठावर, जरा उंच, जिथे संध्याकाळी एका खडकाची सावली लवकर येत होती तिथे त्यांनी जागा निवडली. तंबूच्या वर हातभर अंतर सोडून ताडपत्री ताणली. ऊन ताडपत्रीने खायचं आणि मधल्या फटीतून वाऱ्याने जायचं. जमिनीवर झोपायचं नाही म्हणून घडीच्या खाटा. काढलेले बूट काठीवर उलटे, म्हणजे रात्रीतून आत कुणी बिऱ्हाड करत नाही. सगळं करताना ते गुडघ्याला हात लावून थांबत होते, पण थांबल्यावर चेहऱ्यावर वेदनेपेक्षा समाधान जास्त दिसत होतं.

मग त्यांनी आम्हाला गाडीच्या सावलीत बसवलं आणि पाणी समजावून सांगितलं. निळा कॅन पिण्याचा आणि स्वयंपाकाचा. दुसरा निळा कॅन परतीचा. त्याच्या मुठीला त्यांनी लाल चिंधी बांधली होती. “हा कॅन नाहीच असं समजायचं. चाकं डांबराला लागेपर्यंत उघडायचा नाही.” बाकी लागेल ते पाणी इथे मिळवायचं.

“आणि एक. पिण्यात काटकसर नाही. तहान लागायची वाट बघायची नाही, आधीच प्यायचं. वाचवायचं ते बाकी सगळ्यातून.”

“म्हणजे कशातून?” मावशीने सावधपणे विचारलं.

ते जेवण झाल्यावर कळलं. काकांनी ताट वाळूने घासलं, फडक्याने पुसलं आणि घोटभर पाण्याने विसळलं.

“वाळूने?” मावशी उठून उभी राहिली. “खायचं ताट?”

“वाळू कधी आजारी पडलेली बघितलीस?”

“वाळूवर कोण काय करून जातं ते तरी मी कुठे बघितलंय?”

तिने आपलं ताट स्वतः घासलं, वाळूनेच, पण असं की ते ताट पुढे चमकायलाच लागलं. आंघोळीच्या बाबतीत मात्र ती काकांच्या पुढे निघाली. तांब्याभर पाणी आणि एक पंचा घेऊन तंबूत गेली आणि न्हाऊन आल्यासारखी बाहेर आली. वर तांब्यात पाणी उरलेलं. इस्पितळात आयुष्य काढलेल्या बाईला अंग पुसणं शिकवावं लागत नाही. काकांनी उरलेलं पाणी बघितलं, आणि मग तिच्याकडे बघितलं.

सकाळी हवा गार होती. मावशी पांघरुणात गुंडाळून खडकावर बसली होती. समोर काहीच नव्हतं. लांबवर पसरलेली पिवळट जमीन, खुरटी झुडपं आणि मोठं, धुतल्यासारखं आकाश. मला वाटलं, तिला घरची आठवण येत असणार. मी जवळ गेले तेव्हा ती म्हणाली, “इथे चादरी किती पटापट वाळतील गं.”

त्या सकाळी काका पात्रात उतरले आणि झिरा खणायला बसले. कोरड्या नदीच्या वाळूत खड्डा केला की खालचं पाणी हळूहळू आत पाझरतं, तो झिरा. नदीच्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला, जिथे एक हिरवं झुडूप उभं होतं तिथे ते बसले. गुडघा वाकत नव्हता म्हणून एक पाय लांब पसरून, कुशीवर रेलून खणत होते. मी मदतीला गेले तर मला हाकललं. ऊन चढेपर्यंत त्यांनी वाटी-वाटीने एक बादली भरली, गढूळ, चहाच्या रंगाची. ती काठावर आणून सावलीत ठेवली, तिच्यात तुरटीचा खडा फिरवला, खडा तसाच आत सोडला आणि नदीकडे परत गेले. खड्ड्यावर झुडपाची फांदी टाकायची राहिली होती.

मी गाडीत पांघरुणं आवरत होते. बाहेर आले तेव्हा मावशी हातात रिकामी बादली घेऊन उभी होती. आतून वाळूने घासलेली, लखलखीत.

काका चढ चढून आले.

“बादली घासून ठेवलीय हं,” मावशी म्हणाली. तिच्या आवाजात चक्क अभिमान होता. “काय तळ झाला होता तिचा!”

“आतलं पाणी?”

“ओतलं. गढूळ होतं.”

काकांनी कुठे ते विचारलं नाही. तंबूजवळच्या झुडपापाशी जमिनीवर चिखलाची पातळ साय धरली होती, आणि तिलाही भेगा पडायला लागल्या होत्या. मधोमध तुरटीचा खडा चमकत होता. काका खाटेवर बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“निवळायला ठेवलं होतं,” ते म्हणाले.

“मग सांगायचं ना! मला काय माहीत? आमच्याकडे पाणी वरून येतं आणि खालून जातं.”

“तुरटी होती आत.”

“मला दगड वाटला तो.”

ताडपत्री वाऱ्याने फडफडत होती. मग काका म्हणाले, “उद्या सकाळी निघू.”

“का? पाणी पुरणार नाही?”

“पुरेल. पिण्याचं आहे. पाण्याचं म्हणत नाही मी.” त्यांनी गुडघ्यावरची वाळू झटकली. “तुझी चूक नाही. पण हे असंच होणार. मी साठवणार, तू ओतणार. तिथे थांब्यावर कशाला जायचं भांडायला? घरी भांडतोच आहोत. साहेबांना सांगतो, जमत नाही.”

मावशीने बादली खाली ठेवली. ती गाडीच्या मागच्या फळीवर जाऊन बसली ती दुपारभर. ऊन उतरल्यावर ती आली ती सरळ काकांसमोर.

“उद्या मी खणणार झिरा,” ती म्हणाली. “त्याच्यानंतर निघायचं की नाही ते ठरवू.”

“तुला जमायचं नाही.”

“तुमचं हे एकच वाक्य आहे का? ‘जमायचं नाही’?”

सकाळी काकांचा गुडघा सुजला होता. ते काठावर घडीच्या खुर्चीवर, सामन्याच्या पंचासारखे बसले. जुन्या खड्ड्याच्या कडा रात्रीत ढासळल्या होत्या. मावशीने पदर-बिदर काही नव्हता तरी तो खोचल्याचा आव आणला आणि पातेलं घेऊन वाळूत बसली.

“रुंद कर आधी. नाहीतर कडा पडतील.”

“करतेय.”

“अजून रुंद. आंघोळीला बसायचंय असं समज.”

“आंघोळीचं नाव काढू नका माझ्यापुढे.”

मी वाळू बाजूला ओढत होते. वरची वाळू गरम, सैल. मग गार. मग गर्द, मुठीत धरली तर मुठीचा आकार घेणारी. तिथे काका म्हणाले, “आता थांब.”

“पाणी कुठेय?”

“येईल. आता बसायचं.”

“किती वेळ?”

“ते पाणी ठरवतं.”

मावशी खड्ड्याच्या कडेला मांडी घालून बसली. चावी फिरवली की धो धो येणारं, तळघरभर गर्जना करणारं पाणी तिने आयुष्यभर बघितलं होतं. पाणी येताना तिने कधी बघितलं नव्हतं. आधी तळाशी वाळूचा रंग बदलला. मग ती नुसतीच चमकायला लागली, पाणी दिसेना. मग एका कोपऱ्यात वाटाण्याएवढं आकाश दिसलं. मावशीने माझा हात धरला. ते आकाश रुपयाएवढं झालं, मग वाटीएवढं. काठावर बसलेल्या काकांनी मान लांब केली होती.

“आलं!” शेवटी ती ओरडली. “अहो, आलं!”

“दिसतंय. पहिलं पाणी उपसून टाक.”

“टाकू?” मावशी उठून उभी राहिली. “काल टाकलं तर तोंड फुगवून बसलात, आणि आज टाकू?”

“पहिलं फार गढूळ असतं. ते टाकायचंच असतं. दुसरं धरायचं.”

“तुमच्या पाण्याला काही नियमच नाहीत.”

पण तिने उपसलं, खड्डा पुन्हा भरायची वाट बघितली, आणि मग वाटीने बादलीत भरायला लागली. बादलीच्या तोंडावर तिने चादरीचा तुकडा चौपदरी बांधला होता. वाळू वर राहत होती, पाणी खाली.

“आमच्याकडे पण होतं असं,” भरता भरता ती म्हणाली. “शेवटच्या विसळणीचं पाणी स्वच्छच असतं की. ते आम्ही हौदात घ्यायचो आणि पुढच्या खेपेच्या पहिल्या धुण्याला वापरायचो. मीच बघायचे ते. नवी यंत्रं आली, आणि सगळं नालीतच जायला लागलं.”

काका खुर्चीत पुढे झुकले. “हे कधी बोलली नाहीस.”

“तुम्ही सुट्टीवर यायचात,” मावशी म्हणाली. “सुट्टीवर आलेल्या माणसाला कामाचं काय सांगायचं?”

बादली आम्ही दोघींनी धरून वर आणली. तुरटी तिने स्वतः फिरवली आणि वर झाकण म्हणून ताट ठेवलं. दुपारपर्यंत गाळ तळाशी बसला आणि वरचं पाणी तिने अलगद दुसऱ्या बादलीत काढून घेतलं. मला म्हणाली, “कुणाला हात लावू देऊ नकोस.” तिलाच ते आठवून हसू आलं.

निघायचं की राहायचं ते अजून ठरलं नव्हतं. काकांनी तो विषय काढला नाही, म्हणून आम्हीही काढला नाही.

दुपारी ताडपत्रीखाली पडून होतो. मावशीने काकांना किती वाजले ते विचारलं. त्यांनी मनगटाकडे बघितलं आणि बराच वेळ बघतच राहिले. मग म्हणाले, “टोळी आली का?”

मावशी ताडकन उठली. त्यांच्या कपाळाला हात लावला, मान चाचपली. मग वाकून त्यांच्या खाटेखालचा मग उचलला. आत धुळीचा थर होता.

“पाणी कधी प्यायलात?”

“प्यायलोय.”

“कधी?”

“सकाळी.”

“तो चहा होता. पाणी कधी?”

काकांनी डोळे मिटले. मावशीने निळा कॅन हलवून बघितला. तो हवा त्यापेक्षा जड होता. बादली ओतली तेव्हापासून या माणसाने पाण्याला तोंड लावलं नव्हतं. आमच्या वाट्याचं कमी पडू नये म्हणून त्याने स्वतःचा वाटा गुपचूप रद्द केला होता.

“डोकं दुखतंय? मळमळतंय?”

“थोडं.”

“पाय वर घ्या त्यांचे,” तिने मला सांगितलं. मी पिशव्या रचून पाय उंच केले, शर्टाची बटणं सोडली. मावशीने निवळलेल्या बादलीत अख्खी चादर बुडवली, अर्धवट पिळली आणि मानेपासून पायापर्यंत त्यांच्यावर पसरली. मग डब्याचं झाकण घेऊन वारा घालायला लागली.

काकांनी डोळे उघडले. “अगं, ते निवळलेलं पाणी आहे!”

“हो. गढूळ असतं तर ओतलं असतं. गप पडा.”

मी म्हटलं, “मावशी, दवाखान्यात नेऊया का?”

“गाडीचं तोंड रस्त्याकडे करून ठेव. घोट पोटात राहिला नाही, किंवा बोलणं ताळ्यावर आलं नाही, तर लगेच निघायचं.” ती इतकं शांतपणे बोलत होती की मलाही धीर आला. “आमच्याकडे उन्हाळ्यात आठवड्याला एक तरी पोरगी अशी पडायची. बॉयलरशेजारी. बघितलंय मी.”

तिने पाण्यात मीठ-साखर घालून चमच्या-चमच्याने पाजलं. चादर सुकली की पुन्हा बुडवत होती, पुन्हा पिळत होती. पिळलेलं पाणी परत त्याच बादलीत पडेल असं धरत होती. तिच्या हाताला ते कुणी सांगावं लागलं नाही. काही वेळाने काकांनी माझ्याकडे बघून, “अगं, तू इथे काय करतेस? गाडी नीट लाव,” असं म्हटलं, आणि मावशीने पहिल्यांदा श्वास सोडला.

“तहान लागायची वाट बघायची नाही, असं कोण म्हणालं होतं?” तिने विचारलं.

“ते तुम्हा दोघींसाठी होतं.”

मावशीचा झाकण धरलेला हात थांबला. मग तिने ते पुन्हा हलवायला घेतलं, जरा जास्तच जोराने.

खडकाची सावली तंबूवर आली तोवर काका उठून बसले होते. “लघवीला झाली का?” मावशीने विचारलं.

“अगं, पोरीसमोर!”

“पोरीला होत नाही का लघवी? झाली का ते सांगा.”

काका उठले आणि झुडपामागे गेले. परत आले तेव्हा मावशीने नुसती भुवई उंचावली आणि त्यांनी नुसती मान हलवली. त्यावर मी चहा ठेवला.

चहा पिताना मावशी बोलायला लागली. भांडणाचा आवाज नव्हता तो. “तुम्हाला त्या थांब्यावर एकटं ठेवलं ना, तर टाकी काठोकाठ भरलेली असेल आणि तुम्ही तिच्याशेजारी वाळून पडलेले असाल. साहेब बरोबर सांगतायत. एकटा माणूस नको.”

“मी कुठे एकटा जातोय? नाहीच म्हणणार आहे.”

“मला बोलू द्या. तुम्ही पाणी आणा, साठवा, निवळा. त्यात मी बोट घालणार नाही. पण वाढणार मी. कुणाला किती, कधी, ते मी बघणार. लॉरीवाल्यांना मी, तुम्हाला मी.”

काका कपाकडे बघत राहिले. वाढण्याचं काम त्यांनी आजवर कुणाच्या हातात दिलं नव्हतं. त्यावरूनच तर त्यांचं नाव पडलं होतं.

“ते मागतील भरपूर,” शेवटी ते म्हणाले. “लॉरीवाले. गोड बोलून मागतात. देशील?”

“प्यायला पाहिजे तेवढं.”

“तोंड धुवायला मागतील. गाडी पुसायला मागतील.”

“गाडी कसली पुसायची, पुढे धूळच आहे.”

काकांच्या ओठाचा कोपरा हलला. मावशीने लगेच ओळखलं. “आणि आठवड्यातून एकदा मला धुणं पाहिजे. चार बादल्या.”

“दोन.”

“तीन. आणि शेवटची विसळणी पुढच्या धुण्याला ठेवीन.”

“झाकून ठेव. वाफ होऊन जाते.”

“हे बघा, माझ्या धुण्यात शिकवू नका.”

“बरं,” काका म्हणाले. मग थोडं थांबून, “तुला खरंच जमेल तिथे? माझ्यासाठी म्हणून ‘हो’ म्हणू नकोस. लांब आहे. कुणी बोलायलाही नसतं.”

मावशीने समोर बघितलं. जमीन तांबूस झाली होती आणि वारा गार व्हायला लागला होता. “घरी तरी कुठे बोलत होतो आपण?” ती म्हणाली. “इथे आल्यापासून जेवढं बोललो तेवढं लग्नात तरी बोललो होतो का?”

राहिलेले दिवस आम्ही राहिलो. मावशी रोज सकाळी झिऱ्याशी जाऊन बसायची. काकांसमोर मग भरून ठेवायची आणि रिकामा होईपर्यंत हलायची नाही. त्यांना ते आवडत नव्हतं, पण ते प्यायचे. मध्येच एकदा मी त्यांना म्हणताना ऐकलं, “तुझी ती विसळणी. तो हौद केवढा होता?” आणि मावशी हात पसरून दाखवत होती.

परतीच्या वाटेवर एका टेकाडावर फोन लागायचा. काकांनी मला गाडी थांबवायला सांगितली आणि लंगडत वर चढले. एक हात कानावर, दुसरा वाऱ्याला आडवा धरून ते साहेबांशी ओरडून बोलत होते. खाली आम्हाला शब्द तुटक ऐकू येत होते.

“हो, हो. ऐकू येतंय का? येतोय म्हटलं! दोघं! नाही नाही, एकटा नाही! दोघं!”

मावशी गाडीतून उतरली आणि तरातरा वर चढली. मी मागोमाग गेले. तिने काकांच्या हातातून फोन घेतला.

“नमस्कार साहेब. मी मिसेस थेंबे बोलतेय,” ती म्हणाली, आणि काकांनी कपाळाला हात लावला. “टाकीला झाकण आहे का? काय? तुटलंय? कधीपासून? मग आधी ते बसवून घ्या. उघड्या टाकीतलं पाणी मी कुणाला प्यायला देणार नाही. आणि टाकीपासून खोलीपर्यंत किती अंतर आहे? यांचा गुडघा दुखतो. मोजलं नाही? मग मोजून ठेवा, तोवर आम्ही पोहोचतोच.”

तिने फोन काकांच्या खिशात घातला.

“काय म्हणाले?” काकांनी विचारलं.

“बसवतो म्हणाले झाकण. चांगला वाटला माणूस.” तिने त्यांचा दंड धरला. “सावकाश उतरा. आणि खाली गेल्यावर मगभर पाणी प्यायचंय. अख्खं.”

“आत्ताच तर प्यायलो.”

“ते मघाशी,” मावशी म्हणाली, आणि ती दोघं एकमेकांना धरून टेकाड उतरायला लागली.